यू हारानचा आवाज

सोल, ९ ऑक्टोबर १९९८

श्रीमती रा ह्येवन यांना,

आपली ओळख नाही. म्हणून आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. १९६४ साली सामचनपो बंदरावर चू मालसुन नावाची मुलगी सुकी मासळी निवडायचं काम करत होती. वय एकोणीस. चित्रीकरणासाठी आलेल्या एका दिग्दर्शकाला तिचा चेहरा आवडला. त्याने तिला सोलला नेलं आणि तिचं नाव यू हारान ठेवलं.

२. अडीच वर्षांत तिने पाच चित्रपट केले. शेवटच्या दोनांत ती नायिका होती. पाचांपैकी एकच आज शिल्लक आहे, ‘मिठागराची नववधू’.

३. याच काळात जॉन्जूच्या रा आडनावाच्या एका कागद कारखानदाराशी तिचे संबंध जुळले. ते विवाहित होते. १९६७च्या फेब्रुवारीत तिला मुलगी झाली.

४. त्यांच्या पत्नीने व्यभिचाराची फिर्याद दिली. कायद्याप्रमाणे दोघांना अटक झाली. बाळ आईबरोबर कोठडीत होतं. मुलगी रा घराण्याच्या कुटुंबनोंदणीत पत्नीच्या पोटची म्हणून लागेल आणि यू हारान पुन्हा मुलीच्या वाटेला जाणार नाही, या अटींवर फिर्याद मागे घेतली गेली.

५. त्यानंतर कुठल्याही कंपनीने तिला काम दिलं नाही. ती सामचनपोला परतली. खोल समुद्रातल्या बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्या माणसाशी तिने लग्न केलं. मी त्यांची मुलगी. मी तीन वर्षांची असताना ती बोट गेली ती आली नाही. आईने बंदरावर दारूचा गाळा चालवला.

६. १९९०च्या वसंतात तिने तुमच्या औषधांच्या दुकानात फोन केला आणि आपण कोण ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, “माझ्या आईचा आवाज मला पाठ आहे. तुम्ही ती नाही. पुन्हा फोन केलात तर पोलिसांत कळवीन.” आणि फोन ठेवलात.

७. तुम्हाला पाठ असलेला आवाज यू हारानचा नाही.

सातव्या मुद्द्यासाठी हे पत्र आहे. मी चुंगमुरोतल्या एका स्टुडिओत ध्वनितंत्रज्ञ आहे. जुन्या चित्रपटांचे आवाज साफ करून नव्या टेपवर उतरवणं हे माझं काम. तुम्ही तिला प्रत्यक्ष बोलताना ऐकलं असेल तर फक्त तान्हेपणी. तेव्हा तुम्हाला पाठ आहे तो आवाज चित्रपटातलाच असणार.

त्या वर्षांत आपल्याकडे चित्रीकरण मुकं होत असे. कॅमेऱ्याची घरघर इतकी असायची की सेटवर आवाज घेण्यात अर्थ नव्हता. सगळं शूटिंग संपलं की रेडिओवरचे आवाज देणारे कलाकार एका खोलीत जमायचे, पडद्यावर ओठ हलताना बघायचे आणि एका मायक्रोफोनपाशी उभे राहून सगळ्यांचे संवाद बोलायचे. मोठमोठ्या नटांचे आवाजसुद्धा दुसऱ्यांचे होते. सामचनपोची बोली बोलणाऱ्या नव्या मुलीला त्या खोलीत कोणी उभं केलं नसतं. नायिका सोलच्या मुलीसारखीच बोलायला हवी, असा तेव्हाचा दंडक.

तुम्ही तेव्हा जे उत्तर दिलंत ते तुमच्याकडच्या माहितीला धरून होतं. माहिती चुकीची होती एवढंच कळवायचं आहे. उत्तराची अपेक्षा नाही.

बोंग सनमी


सोल, २१ ऑक्टोबर

श्रीमती रा ह्येवन यांना,

तुमचं पत्र मिळालं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही लिहिता की सतराव्या वर्षी घरच्या स्वयंपाकीणबाईने तुम्हाला खरं सांगितलं. त्याच वर्षी रविवारी दुपारी ‘मिठागराची नववधू’ टीव्हीवर लागला, तेव्हा सगळे चित्रपटभर गप्प राहा असं घरी बजावून तुम्ही टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवलात. पुढे फार्मसीच्या परीक्षांपर्यंत झोपताना ती कॅसेट ऐकत होता. नायिका तापाने फणफणलेल्या दिराला म्हणते, “झोप तू, मी जागी आहे,” ते वाक्य तुमच्याशीच बोललेलं आहे असं तुम्ही धरलं होतं. आणि मग तुम्ही विचारता, “तो आवाज भाड्याचा होता, हे मी तुमच्या शब्दावर का मानावं? एखादी दारू पिणारी बाई उठून कुणाचीही आई होऊ शकते.”

पहिला प्रश्न रास्त आहे. त्यावर मी काम करते आहे. दुसऱ्या वाक्याबद्दल: ती प्यायची, खरं आहे. दोनदा रुग्णालयात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा मी अकरावीत होते आणि सही मीच केली. गेली सहा वर्षं ती पीत नाही. सध्या माझ्याकडे राहते.

त्या रविवारची आमच्याकडची बाजूही सांगते, कारण तुम्ही तुमची सांगितलीत. मी बारा वर्षांची होते. गाळ्यावर फळीवर छोटा टीव्ही होता. बोटीवरची माणसं सोजू घेत बसली होती. त्यातल्या एकाने ओळखलं.

“अगं मालसुन, ही तूच ना गं?”

“तुझी आजी आहे ती. पी गुमान.”

“बघा रे, नाकावरचा तीळ बघा. आपली मालसुन हिरोईन. बाई, आम्हाला पण तसंच बोलून दाखव की. ‘स्वामी, आपण भोजन केलंत का?’ असं.”

आईने ॲप्रनला हात पुसले आणि बोलून बघितलं. तिचा आवाज जाडा, घोगरा, आणि बोली बंदराची. सगळे टेबलावर डोकं ठेवून हसले. तिला राग आला नाही. ती पण हसली. मग ती बराच वेळ पडद्यासमोर उभी राहिली आणि ओठ हलवत राहिली, आवाज न करता. तिला सगळे संवाद पाठ होते. पडद्यावरच्या ओठांशी तिचे ओठ बरोबर जुळत होते आणि आवाज तिसऱ्याच बाईचा येत होता. चित्रपट संपायच्या आत तिने टीव्ही बंद केला. त्या दिवशी तिने स्वतःच्याच गाळ्यातली बाटली पहिल्यांदा माझ्यादेखत उघडली.

त्याच वेळी तुम्ही जॉन्जूमध्ये टेपरेकॉर्डरपाशी होता, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नाही, कारण ती लिहिली की पत्राचा अर्थ बदलतो. आईच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. कर्करोग आहे, पण पसरलेला नाही. स्वरयंत्र पूर्ण काढलं तर ती जगेल, असं डॉक्टर म्हणतात. त्यानंतर ती श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घेईल आणि बोलू शकणार नाही. शस्त्रक्रिया १६ नोव्हेंबरला ठरली आहे.

दया वाटावी म्हणून हे लिहिलेलं नाही. आवाजाबद्दल मी एक विधान केलं आहे, ते तपासून बघायची मुदत आता ठरलेली आहे, इतकंच.

बोंग सनमी


सोल, २ नोव्हेंबर

ह्येवनताई,

पुरावा सापडला. मी शोधत होते त्यापेक्षा वेगळाच.

रेडिओतल्या जुन्या माणसांना विचारत गेले तेव्हा एक नाव परत परत आलं. नामगुंग ओकबून. आता सत्तरीच्या आहेत, मापोला मुलाकडे राहतात. फोनवर त्यांनी पहिलं “कोण?” विचारलं आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबली. तो आवाज तुम्ही लगेच ओळखाल. म्हातारा झाला आहे, पण तोच आहे. सोलच्या चांगल्या घरातला, पाण्यासारखा.

रविवारी आईला घेऊन त्यांच्याकडे गेले. आईला सांगितलं होतं की स्टुडिओच्या कामासाठी जायचंय. दार उघडल्यावर नामगुंगबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“म्हणजे तू माझं तोंड.”

“आन् तू माझी जीभ,” आई म्हणाली. गाठीमुळे आता तिचा आवाज जेमतेम निघतो, पण टोला हाणायला पुरतो.

“तुझ्यापायी किती शिव्या खाल्ल्यात मी. वाक्य संपलं तरी तुझं तोंड उघडंच. त्या उघड्या तोंडात मी घालू काय? ‘हो ना’ घालायचे. ‘अय्या’ घालायचे. सगळा चित्रपटभर तू ‘हो ना, हो ना’ करतेस ती तू नव्हेस, ती माझी भरती.”

“भूक लागायची. सकाळपास्नं उभं करायचे, जेवायला चार वाजता. माणूस तोंड उघडणार न्हाई तर काय करणार?”

“आणि मला बघ. सकाळी मी तू, दुपारी मीच तुझी सासू. स्वतःलाच शिव्या देऊन स्वतःच रडायचं.”

“सासूचं काम चांगलं केलंस हां. माझं जरा मिळमिळीत झालं.”

सूनबाई चहा घेऊन आल्या तेव्हा दोघी एकमेकींच्या मांडीवर थापा मारत होत्या. इतकी हसताना मी आईला फार वेळा पाहिलेलं नाही.

मी “झोप तू, मी जागी आहे” बद्दल विचारलं. नामगुंगबाईंना ते आठवत नव्हतं. त्या म्हणाल्या, “पोरी, मी हजारो माणसांना झोपवलंय.” मग मी विनंती केल्यावर त्यांनी ते वाक्य म्हटलं. ते मी टेपवर घेतलं आहे आणि पत्रासोबत पाठवते आहे. तुमच्या कॅसेटशी ताडून बघा. तुमच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं हे आहे, याची मला कल्पना आहे. ज्या आवाजाने तुम्हाला वर्षानुवर्षं झोपवलं तो एका सज्जन परक्या बाईचा आहे, आणि त्याच्या बदल्यात मी देते आहे ती बाई सोपी नाही.

पण पुरावा हा नव्हे. निघताना आम्हाला पोचवायला नामगुंगबाई चपला शोधत आईला म्हणाल्या, “तुझी ती मासळीवाली मात्र मला कधी जमली नसती.”

कुठली मासळीवाली, मी विचारलं.

“अगं, बाजाराचं दृश्य आहे ना. गर्दीत एक मासळीवाली ओरडते, चेहरा दिसत नाही. ती पण माझ्याकडेच होती. मी ओरडले तर दिग्दर्शक म्हणाला, ही मासळी विकतेय की मंत्र्याच्या घरी निमंत्रण देतेय? तीनदा, चारदा. सगळे वैतागले. ही तिथे कोपऱ्यात स्टुलावर बसली होती.”

“मला बघायचं होतं,” आई म्हणाली, “की माझं तोंड कोण वापरतंय.”

“ही मधेच बोलली, ‘असं न्हाई वरडत.’ सगळे वळून बघायला लागले. नायिका म्हणून कोणी विचारत नव्हतं, मासळीवाली म्हणून विचारलं. हिने एकदाच आरोळी दिली. काचेपलीकडचा माणूस दचकून मागे सरला. दिग्दर्शक म्हणाला, हेच ठेवा. मग हिला म्हणाला, जा, बस जाऊन.”

मी आईला विचारलं, हे मला कधीच का सांगितलं नाही. ती म्हणाली, “त्यात काय सांगायचं? ते काम थोडंच होतं. वरडणं ते.”

तिला वाटत होतं तो तुकडा नंतर कापला असेल. कापलेला नाही. आज सकाळी मी स्टुडिओत प्रत काढली आणि ऐकली. नायिका टोपली घेऊन बाजारात शिरते, बैलगाडी जाते, आणि गाडीचा आवाज विरताना गर्दीतून एक बाई ओरडते, “मासळी घ्या गं बायांनो, ताजी हाय, डोळं बघा तिचं, माझं नका बघू.” शेवटचा भाग संहितेत नाही. तो तिने आपल्या मनाने घातला. बाजारात लोक हसतात, ते खरं हसू आहे. आवाज देणारे सगळे हसले आणि ते तसंच टेपवर राहिलं.

मी याआधी ही चित्रफीत दोनदा साफ केली होती. दोन्ही वेळा हा आवाज गर्दीचा म्हणून मी नीट ऐकलाच नव्हता. या वेळी आईच्या, आजारापूर्वी टेपवर राहिलेल्या फोनवरच्या बोलण्याशी तो मशीनवर जोडून बघितला. शब्दाच्या आधी ती श्वास घेते ती तऱ्हा, ‘हाय’ म्हणताना घसा खरवडतो ते, सगळं तेच. लेखी अहवाल देऊ शकते.

ताई, तुमच्या कॅसेटवर हा आवाज आहे. तुम्ही अख्खा चित्रपट घेतला होता. म्हणजे परीक्षांच्या त्या सगळ्या वर्षांत आई तुमच्या उशाशी होती. तुम्ही दुसऱ्या बाईची वाट बघत तिला ओलांडून जात होता. त्यात तुमचा दोष नाही. मी तंत्रज्ञ असून मीही गेले.

आता राहिलेली गोष्ट. हीसुद्धा आधी लिहायला हवी होती, पण लिहिली असती तर तुम्हाला कोंडीत पकडल्यासारखं झालं असतं. आई शस्त्रक्रियेला संमती देत नाही. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. डॉक्टर म्हणाले, गाठ वाढली की श्वास कोंडेल, नवीन वर्ष गाठणं कठीण आहे. ती त्यांना म्हणाली, “डॉक्टर, आवाज होता तेव्हा लेकीनं वळखलं न्हाई. आवाज काढून घेतल्यावर कशानं वळखंल? एकदा तिच्याशी बोलू दे. मग काय कापायचं ते कापा.”

“मग फोन करा ना मावशी,” डॉक्टर म्हणाले.

“तिनं पोलिसांत कळवीन म्हटलंय.”

डॉक्टरांना ती चेष्टा वाटली. ती चेष्टा नव्हती. फिर्याद मागे घेताना वाटेला जाणार नाही असं तिने लिहून दिलं होतं. एकदाच मोडलं, १९९०मध्ये. तुमचं ते उत्तर ती आजही कोर्टाच्या हुकमासारखं पाळते.

मी तुम्हाला लिहिते हे तिला माहीत नाही, असं मी धरून चालते.

सनमी


सोल, ७ नोव्हेंबर

ताई,

काल दुपारी मी लवकर घरी आले होते. आई मुळ्याचा रस्सा करत होती. मी आतल्या खोलीत कपडे बदलत होते तेव्हा फोन वाजला. माझ्याआधी तिने उचलला.

“कोण?” मग पुन्हा, “कोण हाय?”

पलीकडून कोणी बोललं नसावं, कारण ती म्हणाली, “नंबर चुकला असंल तर ठिवा.” थोडं थांबली. “न्हाई ठिवत? बरं. मग ऐका.”

आणि ती बोलत राहिली. मी दाराआड उभी होते. मी ऐकलेलं लिहिते, यात माझं काही नाही.

ती म्हणाली, “मुळा घातलाय रश्शात. सोलचा मुळा पाण्यासारखा. आमच्या गावचा मुळा खाल्ला की नाक झोंबतं. तुमच्याकडं कसा मिळतो? जॉन्जूची माणसं सोयाबीनच्या मोडाचा रस्सा करत्यात म्हणं, त्यात मासळी घालत्यात का? घालावी. सुकी, बारकी. डोकी काढून, न्हाईतर कडू होतं.” श्वास घ्यायला थांबली. तिला आता सलग बोलवत नाही. “माझा घसा बिघडलाय. घाबरू नका. पयल्यापास्नंच असा हाय. बाळाला झोपवायला गेले तर बाळ जागं व्हायचं, असा. कोठडीतली बाई म्हणायची, तू गप बस, मी गाते. मग मी गप बसायची. नुसतं थोपटायची. त्यानं झोपायचं.”

पलीकडे कोणी असेल तर त्या व्यक्तीने एवढं ऐकलं. मी खात्रीने सांगू शकते की फोन तिकडून ठेवला गेला नाही. रस्सा उतू गेला, आणि आई म्हणाली, “थांबा हां,” आणि गॅस बंद करायला गेली. परत आली तेव्हाही रिसीव्हरमधून फोन तुटल्याचा आवाज येत नव्हता. मग तिनेच म्हटलं, “बिल वाढंल. ठिवते,” आणि ठेवला.

मी बाहेर आले. विचारलं, कोण होतं.

“चुकीचा नंबर.”

“चुकीच्या नंबराला तू जॉन्जूचा रस्सा विचारलास?”

“मग काय विचारायचं? हवापाणी?” आणि तिने मला वाढलं. जेवताना तिने दोनदा भात घेतला. गिळायला त्रास होत असताना हे विशेष आहे, म्हणून नोंदवते.

तो फोन तुमचा होता का, मला माहीत नाही. माझा नंबर पत्रांवर आहे, त्याखेरीज तो फारसा कोणाकडे नाही. तुमचा नसेल तर वरचा सगळा मजकूर गैरलागू समजा. तुमचा असेल, तर तुम्ही बोलला नाहीत हे मला समजतं. तुम्हाला जो आवाज हवा होता तो तिथे नव्हता, आणि जो होता त्याच्याशी काय बोलायचं याची तयारी एका दुपारी होत नाही. मला ती करायला सव्वीस वर्षं मिळाली आणि मी अजून फारशी करू शकलेली नाही. तिच्या शेजारी बसून जेवणं मला बहुतेक वेळा अवघड जातं. हे मी कोणाला सांगत नाही. तुम्ही मागाल तेव्हा आई सुंदर आणि गरीब बिचारी अशी मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ती तुमच्या किमचीला नावं ठेवेल. तुमच्या मुलांना तुमच्यादेखत खारवलेली मासळी खायला लावील. तुम्ही कारखानदाराची मुलगी आहात हे ती एका जेवणात तीनदा म्हणेल, कधी अभिमानाने, कधी टोमण्यात, आणि कोणतं कोणतं ते तुम्हाला ओळखावं लागेल.

पण शस्त्रक्रिया झाली नाही तर यातलं काहीच होणार नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. तिला क्षमा नको आहे. मी विचारलं नाही, पण मला कळतं. तुम्ही तिला आई म्हणायचीही गरज नाही. तिने “मी मालसुन” म्हटल्यावर तुम्ही “हो, मी ऐकते आहे” म्हणावं, आणि फोन ठेवू नये. यायचं असेल तर सोलला या. मी स्टेशनवर येईन. यायचं नसेल तर फोन पुरे आहे. तेही शक्य नसेल तर तसं स्पष्ट लिहा, मी तिला दुसऱ्या मार्गाने समजावायचा प्रयत्न करीन, जरी तो मार्ग कोणता हे मला आत्ता माहीत नाही.

रुग्णालय संमतीसाठी शुक्रवारपर्यंत थांबणार आहे. तेव्हा कृपया गुरुवार, १२ नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्या, काहीही असलं तरी. संध्याकाळी सहानंतर फोन मी उचलीन. दुपारी ती उचलते.

सनमी